शिरोरेषेची दोरी आणि फिरती पेटी

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर दर शनिवारी दुपारी चारला मराठीचा वर्ग भरतो. सतरा मुलं आहेत, दुसरीपासून सातवीपर्यंतची. कुणी गुजराती शाळेत जातं, कुणी इंग्रजी. घरी सगळ्यांच्या मराठीच, पण ती आपली बडोद्याची, भाजीला सर्रास शाक म्हणणारी आणि दर तिसऱ्या वाक्याला 'वांधो नाही' घालणारी. मला ती फार प्रिय आहे. बोलायला लागली की ही पोरं ऐकत नाहीत, पण पेन्सिल हातात आली की गप्प.

पहिलं वर्ष मी शुद्धलेखन घालत राहिले. दहा ओळी सांगायच्या, लाल पेनाने गोल करायचे, चुकलेला शब्द पाच वेळा. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा ओसरीवर सहाच मुलं आली. त्या दिवशी लाल पेन ठेवून दिलं ते आजतागायत.

पुढच्या शनिवारी मी ओसरीच्या दोन खांबांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली. कारण साधं होतं. गुजराती अक्षरांना शिरोरेषा नसते, त्यामुळे गुजराती शाळेतली मुलं मराठी लिहितानाही ती विसरतात. ग, न, म, प, स दोन्हीकडे इतकी सारखी आहेत की मुलांना वाटतं, रेघ म्हणजे नुसती सजावट. म्हणून पुठ्ठ्याची अक्षरं कापली आणि चिमट्यांनी दोरीवर टांगायला लावली. दोरी हीच शिरोरेषा. शब्द संपला की वीतभर जागा सोडायची, म्हणजे रेघ कुठे तुटते ते बोटांना कळतं.

खरी गंमत ध आणि भ यांची. घ आणि म दोरीला डोकं पूर्ण टेकवून लटकतात. ध आणि भ यांना डाव्या अंगाला दोरी शिवताच कामा नये, चिमटा फक्त उजवीकडे. एका मुलीने ध दोन्हीकडून टांगला आणि वाचलं, 'घन'. मग डावा चिमटा काढला आणि ओरडली, 'बाई, धन!' मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यानंतर तिच्या वहीत घ आणि ध यांची गल्लत मला दिसली नाही.

पण अक्षर बसणं वेगळं आणि लिहावंसं वाटणं वेगळं. त्याचं उत्तर मला आपल्याच गावाने दिलं.

मुलांना मी सयाजीराव महाराजांची गोष्ट सांगते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ 1875 मध्ये दत्तक म्हणून बडोद्याला आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. माझ्या वर्गातल्या थोरल्या मुलांएवढा. त्याच मुलाने पुढे 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांना नेलं, तेव्हा तिथली जाड काचेची जमीन पाहून दोघं जण पाऊलच टाकेनात. वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत जावा म्हणून ती काच. आणि ज्या गावात ग्रंथालय नाही, तिथे पुस्तकं पेटीत भरून पाठवायचे. ही पेटी मुलांच्या डोक्यात बसली. परत येताना न्यायमंदिरापर्यंत तोच विषय.

तेव्हा आम्हीही पेटी केली. बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा, आत दोन गोष्टींची पुस्तकं आणि एक शंभर पानी वही. डबा आठवडाभर एका घरी राहतो. त्या घरातल्या मोठ्या माणसाने वहीत काहीतरी लिहायचं आणि शेवटी पुढच्या घराला एक प्रश्न विचारायचा. पुढच्या घरातल्या मुलाने उत्तर द्यायचं. नियम एकच, वहीत बाई काही लिहिणार नाहीत.

पाचवीतला एक मुलगा होता, स्वतःच्या नावापलीकडे काही लिहायचा नाही. त्याच्याआधी पेटी ज्या घरी होती, तिथल्या आजींनी कैरीचं लोणचं लिहिलं होतं. मोहरी फेसायची कशी, मीठ किती, सगळं. खाली प्रश्न: 'तुमच्याकडे लोणच्यात गूळ घालतात का?' आता आजींनी विचारलंय म्हटल्यावर गप्प कसं बसायचं? त्याने लिहिलं, 'आमच्या घरी गुळ घालतात. आईला आवडत नाही. बाबांना आवडतो. मी दोनी खातो.'

आयुष्यातल्या त्याच्या पहिल्या तीन-चार ओळी. मी 'गुळ'ला हात लावला नाही, 'दोनी'लाही नाही. वही आजींना नेऊन दाखवली. त्यांनी खाली लिहिलं, 'दोन्ही खाणारा मुलगा शहाणा. गूळ घातलेली एक बरणी पाठवते. गुळाचा पाक मात्र पातळ झालाय.'

पुढच्या शनिवारी तो वही घेऊन सरळ माझ्यापुढे उभा. 'बाई, आजींनी एकदा दीर्घ लिहिलंय, एकदा ऱ्हस्व. खरं कुठलं?'

मी म्हटलं, दोरीवर टांगून बघू. गूळ टांगला, शेजारी गुळाचा. कुणीतरी म्हणालं फूल, फुलाचा. मग मूल, मुलाला. दूध, दुधात. सून, सुनेला. दोरी भरली, चिमटे संपले. शेवटी त्यानेच सांगितलं, शब्दाला पुढे काही लागलं की दीर्घ ऱ्हस्व होतो. नियम पुस्तकात छापलेला आहे, मी तो कितीतरी वेळा फळ्यावर लिहिलाय. असा कुणाच्या तोंडून आलेला कधी ऐकला नव्हता. मला भरून आलं, ते लपवलंही नाही.

वहीत 'शाक' आहे, 'वांधो नाही' आहे, एका आजोबांनी तर अर्धं पान गुजरातीतच लिहिलंय. ते मी तसंच राहू देते. माणूस जसं बोलतो तसं आधी कागदावर यायला हवं. चुकांची यादी मी वेगळ्या कागदावर करते आणि त्यातला एखादा शब्द पुढच्या शनिवारी दोरीवर चढतो.

या आठवड्यात पेटी रावपुऱ्यात आहे. वहीची सातच पानं उरलीत, म्हणून मंगळबाजारातून नवी आणून ठेवली आहे. मुलांचं म्हणणं, जुनी वही काढायची नाही, नवी तिलाच शिवायची. दाभण आणि जाड दोरा तो मुलगा घरून आणणार आहे.