औषधांची पिशवी काउंटरवर रिकामी करा

मिरजेला जत-कवठेमहांकाळपासून अथणी-चिकोडीपर्यंतचे रुग्ण येतात, आणि कंबरेच्या एकाच दुखण्यासाठी निरनिराळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन परततात. औषधाच्या दुकानात काम करताना माझ्या लक्षात आले आहे की यांतली प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्रपणे पाहिली तर बहुधा बिनचूक असते.

मध्यंतरी जतकडच्या एका सूनबाईंनी सहज सांगितले, "मामांना हल्ली जेवतानाही झोप लागते." वय झाले, असे घरच्यांनी गृहीत धरले होते. मी त्यांना पिशवीतली सगळी औषधे बाहेर काढायला सांगितली. वेगळी नावे आणि वेगळे रंग असलेल्या दोन स्ट्रिप्स निघाल्या. दोन्हींच्या मागे बारीक अक्षरांत ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असेच छापलेले होते; म्हणजे एकच औषध दोनदा पोटात जात होते. ट्रामाडॉल हे अफूच्या वर्गातले, सवय लावू शकणारे वेदनाशामक. तिसरी स्ट्रिप झोपेसाठीच्या अल्प्राझोलामची होती. ट्रामाडॉल आणि अल्प्राझोलाम एकत्र घेतल्यास गुंगी वाढते, श्वास मंदावू शकतो आणि म्हाताऱ्या माणसाच्या जिवावरही बेतू शकते. दोन्ही डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला.

एप्रिल २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे आणि त्याच्या विक्रीची नोंद आम्ही वेगळ्या वहीत ठेवतो. तरीही उरलेली स्ट्रिप शेजारच्या काकूंच्या गुडघ्यासाठी सर्रास दिली जाते. याउलट कर्करोगाच्या रुग्णाला तीव्र वेदनांसाठी त्याच वर्गातले मॉर्फिन लिहून दिले की "आता सवय लागणार" म्हणून घरचे हादरतात. ही भीती चुकीच्या जागी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. याच कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसारखी औषधे मान्यताप्राप्त रुग्णालयांना मिळणे सुलभ केले, ते याच रुग्णांसाठी. लहान मात्रेपासून सुरुवात करून, पहिल्या दिवसापासून बद्धकोष्ठतेचे औषध जोडून आणि मूत्रपिंडाचे काम पाहून दिलेले मॉर्फिन रुग्णाला शांत झोप देते. मात्र बरेच दिवस चालू असलेले हे औषध घरच्या घरी एकाएकी बंद करू नये.

डिस्चार्ज कार्डावर वेदनाशामकाच्या ब्रँडसोबत मूळ औषधाचे नाव ठळक अक्षरांत असावे आणि ते किती दिवसांनी, कसे थांबवायचे, याचा स्वतंत्र रकाना असावा, एवढी विनंती मी आमच्या भागातल्या डॉक्टरांना करीत असतो. काहींनी तो रकाना हाताने आखायला सुरुवातही केली आहे.