ए लेव्हलचं क्लासिकल सिव्हिलायझेशन: गोष्ट सांगून गुण मिळत नाहीत

ए लेव्हल ही इंग्लंडमधली शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांची परीक्षा. तिथल्या ओसीआर या परीक्षा मंडळाच्या क्लासिकल सिव्हिलायझेशन, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन संस्कृती, या विषयाला लॅटिन किंवा ग्रीक येण्याची गरज नाही. सगळं भाषांतरातून वाचायचं. ४० टक्के गुण वीरांच्या जगाच्या पेपरला: होमरचं ‘इलियड’ किंवा ‘ओडिसी’, आणि व्हर्जिलचं ‘एनीड’. उरलेले दोन पेपर प्रत्येकी ३० टक्क्यांचे.

सर्वाधिक गुण जातात ते कथानक सांगत बसल्यामुळे. ‘ओडिसी’च्या नवव्या सर्गात ओडिसियस एकाक्ष राक्षस पॉलिफीमसच्या तावडीतून सुटल्यावर स्वतःचं नाव ओरडून सांगतो, इतकं लिहून भागत नाही. त्या नावामुळेच पॉलिफीमसला आपल्या बापाकडे, समुद्रदेव पोसायडनकडे, नेमका शाप मागता येतो. म्हणजे कीर्तीची हाव परतीच्या वाटेवर उलटते. उत्तर इथून सुरू होतं. सर्गाचा क्रमांक द्या, दोन-चार शब्दांचं अवतरण द्या आणि लगेच प्रश्नाकडे वळा.

मराठी घरातल्या मुलांनी एक जपावं: ‘एनीड’मधला लॅटिन शब्द ‘पिएटास’ म्हणजे नुसती भक्ती नव्हे. देव, वडील, वंश, भावी नगर या सगळ्यांचं ऋण त्यात येतं. म्हणून तर ‘एनीड’च्या बाराव्या सर्गात शरण आलेल्या शत्रू टर्नसच्या अंगावर, त्यानेच मारलेल्या तरुण मित्र पॅलासचा पट्टा दिसताच नायक इनीयस त्याला मारतो, तेव्हा ते कर्तव्य की क्रोध, हा प्रश्न इतका बोचतो. दोन्ही बाजू मांडा, पण कौल द्याच.

भाषांतर मात्र शेवटपर्यंत एकच ठेवा.