"चालतंय ओ": कोल्हापुरात खाऱ्या पाण्याचे मासे निवडताना आलेला माझा अनुभव

टँक, सॉल्ट, लाईव्ह रॉक (उपयोगी जिवाणू असलेले समुद्री दगड), पंप सगळं भराभर जमलं, त्यावर लिहीत बसत नाही. अडकले ती मासे घेताना, आणि त्या दुकानाचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या इथं गोड्या पाण्याचे मासे पाहिजे तेवढे, पण खाऱ्याचे म्हटलं की ऑर्डर द्यायची आणि मुंबईहून माल यायची वाट बघायची. दुकानाच्या मालकांना काहीही विचारा, उत्तर एकच. तीन फुटी टँकात ब्लू टँग चालेल? चालतंय ओ. क्लाउनफिशबरोबर लायनफिश? चालतंय की, लहान हाय अजून. अहो, लायनफिश तोंडात मावेल तो मासा गिळतो, आज नाही तर चार महिन्यांनी गिळेल! आणि ब्लू टँग आज दोन इंची दिसला तरी वाढून फूटभर होतो, त्याला पोहायला सहा फुटी टँक लागतो. हे सांगितलं तर म्हणाले, "ताई, मासा टँकच्या मापानं वाढतोय." साफ चूक आहे हे. वाढ खुंटली म्हणजे मासा आतून खराब होतोय, मापात राहत नाहीये. मग मँडरिन मासा दाखवला, दिसायला लई देखणा, पण तो दिवसभर दगडावरचे बारीक जिवंत कोपेपॉड (जेमतेम दिसणारे किड्यासारखे जीव) टिपून जगतो, नवीन टँकात ते पुरेसे नसतातच, बिचारा हळूहळू उपाशी मरतो.

सगळ्यात जास्त आग्रह डॅमसेल माशांचा. स्वस्त आहेत, कणखर आहेत, आधी तेच सोडा म्हणजे पाणी तयार होईल. पाणी तयार करायला माशाचा जीव कशाला पाहिजे? कोळंबीचा तुकडा टाकला तरी तो कुजून अमोनिया तयार होतो, तो संपवणारे जिवाणू त्यावर वाढतात, मग माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबायचं, साधारण महिना-दीड महिना जातो. आणि डोमिनोसारखा डॅमसेल एकदा जागा धरून बसला की नंतर आलेल्या प्रत्येकाला हाणतो, त्याला पकडायचं तर सगळे दगड बाहेर काढावे लागतात.

मी कागदावर लिहून दिलं: दोन ओसेलारिस क्लाउन, एक फायरफिश, एक पायजमा कार्डिनल, एक रॉयल ग्रामा. माल आला तर पिशवीत फायरफिशच्या जागी डॅमसेल! "तो नव्हता ताई, त्याच रेटला दिलाय, चालतंय." मी तिथंच परत केला. पुन्हा वाट बघणं, पुन्हा फोन, दर वेळी "येत्या गाडीला". पण शेवटी फायरफिशच आला आणि मला त्याचा अभिमान आहे, ऐकून घेतलं असतं तर आज टँकात मारामारी बघत बसले असते.

क्लाउन घेताना एक थोडा मोठा, एक लहान घ्या. सगळे नर म्हणूनच मोठे होतात, त्यातला दांडगा मादी होतो आणि जोडी जमते. क्लाउन ज्यात राहतो ते ॲनिमोन (समुद्रफूल) लागत नाही, नवीन टँकात तर आणूच नका. हॅचरीतले (समुद्रातून न पकडता पैदास केलेले) मिळाले तर तेच घ्या, आपल्याकडे सीएमएफआरआयनं (केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेनं) क्लाउनची पैदास केव्हाच जमवली आहे, असे मासे पेलेट (कोरडे दाणे) लगेच खातात. बाकी कुठलाही मासा दुकानात समोर खाताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, खाणं टाकायला सांगा, लाजू नका.

सोडताना गरीब मासे आधी, जागेवर हक्क सांगणारे शेवटी, मधे दोन-तीन आठवडे जाऊ द्या. माझ्याकडं फायरफिश आणि कार्डिनल आधी, मग क्लाउन, ग्रामा सगळ्यात शेवटी.

आणि हो, दुकानातल्या पाण्याचा खारटपणा विचारू नका, पिशवीतलं पाणी घरी स्वतः मोजा. माझा टँक १.०२५ वर आहे (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता, खारटपणा यावरूनच मोजतात), पिशवीतलं पाणी बरंच कमी निघालं, मग टँकचं पाणी बारीक नळीनं थेंब थेंब त्यात सोडत बसले. फायरफिश घेणार असाल तर आधी वर जाळी बसवून घ्या, घाबरला की तो सरळ टँकबाहेर उडी मारतो.