हिप्नोथेरपी, माझं पोट आणि दुतोंड्या मारुती

मी हिप्नोथेरपी घेते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी एक क्षण गप्प होतो आणि मग ठरलेले प्रश्न येतात. सासूबाईंना काळजी अशी की "अगं त्या गुंगीत घरातलं काहीबाही बोलून बसशील, कोण कुठले लोक असतात ते". शाळेतल्या एका मॅडमनी विचारलं की डोळ्यात बघायला लावतात का, दिरांनी विचारलं कच्चा बटाटा सफरचंद म्हणून खायला देतात का. मला कोणाचाच राग येत नाही कारण आपण सगळ्यांनी संमोहन बघितलंय ते स्टेजवरच, गॅदरिंगला नाहीतर गणपतीत, आणि दवाखान्यातला उपचार म्हणून त्याच्याकडे बघायला आपल्याला कोणी शिकवलेलंच नाही. पण या गोंधळात दोन बाजूंनी नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं. ज्यांना खरंच उपयोग होईल ते घाबरून लांब राहतात आणि ज्यांनी लांब राहायला हवं ते भलत्याच माणसासमोर जाऊन डोळे मिटतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी स्टेजवरचं. तो माणूस सुरुवातीला अख्ख्या हॉलला हाताची बोटं एकमेकांत अडकवायला सांगतो, मग म्हणतो हात घट्ट चिकटलेत, आता सुटणार नाहीत. बहुतेकांचे लगेच सुटतात, काहींचे खरोखर सुटत नाहीत, आणि त्याच काहींना तो वर बोलावतो. म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच सूचना चटकन घेणारी माणसं निवडलेली असतात, त्यात स्टेजचे दिवे, समोर हसणारे मित्र, आपण आलोय तर करून दाखवू ही भावना. ते खोटंच असतं असं माझं म्हणणं नाही, ते संमोहनच असतं, पण तिथे कोणी आजारी नसतं, कशासाठी करायचं हे ठरलेलं नसतं, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून "आता कसं वाटतंय" विचारणारं कोणी नसतं.

संमोहन म्हणजे नुसती एक अवस्था. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संमोहन विभागाने २०१४ मध्ये जी व्याख्या केली तिचा साधा अर्थ असा, की लक्ष एका जागी गोळा झालेलं असतं, आजूबाजूचं भान कमी झालेलं असतं आणि सूचनेला प्रतिसाद द्यायची क्षमता वाढलेली असते. ही झोप नाही. मला बाहेरचा रिक्षाचा हॉर्न ऐकू येतो, पंख्याचा आवाज ऐकू येतो, मनात आलं तर उठून जाता येतं. आणि समजा थेरपिस्ट मध्येच खोलीतून निघून गेल्या तर माणूस तिथे अडकून पडत नाही, थोड्या वेळाने आपोआप डोळे उघडतो किंवा साधी झोप लागून उठतो. हिप्नोथेरपी म्हणजे या अवस्थेचा एखाद्या शारीरिक किंवा मानसिक त्रासावर उपचारासाठी केलेला वापर. भूल देणं म्हणजे ऑपरेशन नव्हे, तसंच हे आहे. भुलीने अपेंडिक्स निघत नाही, ते काढणारा सर्जन लागतो, तो काय काढतोय हे त्याला माहीत असावं लागतं. नुसतं संमोहित होऊन कोणाचं काही बरं होत नाही, त्या अवस्थेत काय केलं आणि ते करणाऱ्याला त्या आजारातलं काय कळतं याच्यावर सगळं आहे.

आता माझं. मला आयबीएस आहे, आतड्याचा तो त्रास ज्यात पोट दुखतं, फुगतं, कधी सारखं पळावं लागतं कधी तीन दिवस काहीच नाही. ज्यांना आहे त्यांना कळेल मी काय म्हणते ते. माहेर पुण्याचं असल्यामुळे नाशिक-पुणे रस्त्यावरचं प्रत्येक स्वच्छतागृह मला पाठ होतं, सिन्नरला कुठे, संगमनेरला कुठे, नारायणगावला कुठे चांगलं आणि कुठे पाणी नसतं. बसने जाणं बंद केलं, मग लग्नं बंद झाली, मग सकाळी चहा न पिता शाळेत जायला लागले. सगळ्या तपासण्या झाल्या, रक्त, थायरॉइड, गव्हाच्या ॲलर्जीची म्हणतात ती तपासणी, शेवटी दुर्बीण घालून आतडं पण बघून झालं, आणि रिपोर्ट नॉर्मल. "काही नाही हो, टेन्शन घेऊ नका" हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की ते ऐकलं की पोटात आणखी गोळा यायचा. पोटाच्या डॉक्टरांनीच पहिल्यांदा नीट समजावलं, की आतडं आणि मेंदू यांचं सतत बोलणं चालू असतं, तुमच्यात ते बोलणं जास्त मोठ्या आवाजात होतं, साधा गॅस सुद्धा तुम्हाला कळ म्हणून जाणवतो, दुखणं खरं आहे पण आतड्याला जखम नाही. औषधं चालू ठेवून एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा म्हणाले, गंगापूर रोडच्या बाजूला बसतात त्या.

पहिल्या भेटीत संमोहन झालंच नाही. नुसती हिस्टरी. कधीपासून, काय खाल्लं की, कुठल्या प्रसंगात, झोप कशी, घरात कोणाला फिट्स आहेत का, कधी भास झालेत का, वजन आपोआप कमी झालंय का, शौचातून रक्त जातं का, सगळे रिपोर्ट त्यांनी स्वतः वाचले. मग आपल्याला नक्की काय हवंय ते माझ्याकडूनच लिहून घेतलं. मी लिहिलं "आईकडे बसने जायचंय". त्यांनी ते तसंच ठेवलं, सकारात्मक विचार वगैरे काही मोठं केलं नाही, मला ते फार आवडलं.

नंतरच्या भेटींपासून खरं काम. आरामखुर्ची, भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघायचं, पापण्या जड झाल्या की मिटायच्या, श्वास मोजायचा, मग जिना उतरतोय अशी कल्पना. इथपर्यंत संमोहन. पुढे माझा तळहात पोटावर ठेवायला सांगायच्या आणि हाताची ऊब हळूहळू आत पोचतेय असं बोलत राहायच्या, आवाज साधा, घरात बोलतो तसा, नाटकी अजिबात नाही. मग नदी. आतड्याच्या हिप्नोथेरपीत नदीची कल्पना बऱ्याचदा वापरतात, म्हणजे आतड्यातला प्रवाह नदीसारखा कल्पायचा आणि त्याचा वेग आपण ठरवायचा. "ताई, तुमच्या ओळखीची नदी घ्या" म्हणाल्या. नाशिकच्या माणसाला दुसरी कुठली आठवणार, मी गंगाच घेतली, म्हणजे आमची गोदावरी, पण माझ्या डोळ्यासमोर आली ती पुरातली. गंगापूर धरणातून पाणी सोडल्यावरची, गढूळ, रामकुंड दिसत नाही, छोटी देवळं बुडलेली आणि नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी. मी तसं पुटपुटले. आता ही बाई परगावची असती तर कदाचित म्हणाली असती की ते सोडा, एक शांत झरा आणा. त्या म्हणाल्या, "बरं, छातीला लागलंय. धरणाचा दरवाजा तुमच्या हातात आहे. थोडा खाली घ्या. सांगा मला पाणी कुठे आलं."

मी दरवाजा खाली घेतला. कमरेला आलं. त्या गप्प बसल्या, घाई नाही केली. मग गुडघ्याला. मग पायाला. पोटात एक गुडगुड झाली आणि जे घट्ट आवळलेलं असायचं ते सैल पडलं, मला हाताखाली ते जाणवलं. आपण नाशिककर लहानपणापासून पूर आला की "मारुतीच्या कुठपर्यंत लागलं" असंच विचारत आलो ना, तर पुढे तीच माझी मोजपट्टी झाली. बद्धकोष्ठ असेल तेव्हा उलटं, दरवाजा थोडा वर. बसस्टँडवर उभी असताना, स्टाफ मीटिंगमध्ये, डोळे उघडे ठेवून सुद्धा मला हे करता यायला लागलं. आणि हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, दरवाजाची चावी त्यांच्याकडे नव्हती, माझ्याकडे होती, आणि ती माझ्याकडेच राहावी म्हणून त्या झटत होत्या. घरी रोज ऐकायला रेकॉर्डिंग दिलं होतं, ते ऐकायचा कंटाळा केला की फरक लगेच दिसायचा.

सगळं गेलं का? नाही. परीक्षेच्या दिवसात, लग्नाचं जेवण झाल्यावर अजूनही होतं. पण मी बसने पुण्याला जाते, खिडकीशी बसून, आणि चहा पिऊन निघते. आई दारात उभी राहून विचारते "मधे उतरावं लागलं का गं" आणि मी नाही म्हणते.

हे माझ्या एकटीचं कौतुक नको म्हणून सांगते, आयबीएससाठी या उपचाराचा अभ्यास जुना आहे. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तीस रुग्णांवरचा प्रयोग छापला, औषधांनी हटत नसलेल्या त्रासात संमोहन उपचार घेतलेल्यांना दुसऱ्या गटापेक्षा खूपच जास्त आराम पडला होता. ब्रिटनमध्ये कुठला उपचार कधी द्यावा हे सांगणाऱ्या नाइस या संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, बारा महिने औषधं घेऊनही त्रास चालूच असेल तर ज्या मानसशास्त्रीय उपचारांचा विचार करावा त्यात हिप्नोथेरपीचं नाव आहे. आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य खात्याने २००३ च्या पत्रात हिप्नोथेरपीला उपचारपद्धती म्हणून मान्यता देताना योग्य प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच ती करावी असं म्हटलंय. या शेवटच्या अटीकडे मात्र कोणी बघत नाही.

आणि हे सगळं परदेशातूनच आलंय असंही समजू नका. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे, झग्यातला एक पाद्री आडव्या पडलेल्या बाईवर हात पसरून उभा, बरेच लोक सेल्फी काढून पुढे जातात. ते आबे फारिया, १७५६ ला गोव्यात कांदोळीला जन्मलेले, पुढे पॅरिसला गेले. त्या काळात मेस्मर नावाच्या युरोपातल्या डॉक्टरचे अनुयायी म्हणायचे की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय शक्ती वाहते. फारियांनी ठामपणे सांगितलं की शक्ती बिक्ती काही नाही, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनामुळे घडतं. त्यांची एक गोष्ट सांगतात, तरुणपणी मोठमोठ्या लोकांसमोर प्रवचनाला उभे राहिले आणि शब्द फुटेना, तेव्हा वडील खालून कोकणीत पुटपुटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी", आणि भीती एकदम उतरली. खरीखोटी माहीत नाही, मला फार आवडते. तिकडे बंगालमध्ये हुगळीला जेम्स एसडेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने १८४५ पासून, म्हणजे ईथर आणि क्लोरोफॉर्म यायच्या आधी, मेस्मरच्याच पद्धतीने रुग्णांना गुंगीत नेऊन मोठमोठ्या गाठी काढल्या. दुखणाऱ्या माणसासाठी याचा वापर करणारे लोक आपल्याच मातीत होऊन गेलेत.

आता जे सांगताना मला खरंच चीड येते ते. पूर्वजन्मात नेणारे. शनिवार-रविवारचा कोर्स, सर्टिफिकेट, आणि सोमवारपासून लोकांची मनं उघडायला सुरुवात. ओळखीतल्या एका मुलीला अशा ठिकाणी सांगितलं गेलं की तुझ्या नवऱ्याने गेल्या जन्मी तुझा छळ केलाय, आणि तिचा चाललेला संसार महिनोन् महिने ढवळून निघाला. संमोहनात आठवलेलं खरंच असतं असं नाही, हे नीट समजून घ्या. त्या अवस्थेत कल्पना आठवणीसारखी वाटते आणि वर खात्री वाढते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९८५ मध्येच इशारा दिला होता की संमोहनाने काढलेल्या आठवणी विश्वासाच्या नसतात. माणूस सर्वात जास्त सूचना घेणारा असतो तेव्हाच त्याला "बघ, कोण दिसतंय" विचारायचं आणि जे दिसेल ते सत्य म्हणून त्याच्या घरी पाठवायचं, याला मी उपचार म्हणणार नाही.

सगळ्यांना सगळ्यासाठी चालतं असंही नाही. फार चटकन खोल जाणारे दहा-पंधरा टक्के, जवळजवळ तितकेच अजिबात न जाणारे, बाकी आपण मधले. सिगारेट सोडवण्यासाठी याची जाहिरात फार होते पण सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात हिप्नोथेरपी दुसऱ्या उपायांपेक्षा सरस असल्याचा पक्का पुरावा मिळालेला नाही. ज्यांना भास होतात, संशयाचा आजार आहे, त्यांनी सायकियाट्रिस्टला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. पोटाचंच म्हणाल तर रक्त जातंय, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी होतंय, रात्री झोपेतून दुखून जाग येते, असलं काही असेल तर आधी पोटाचे डॉक्टर, हे नंतर.

जाणार असाल तर फोनवरच विचारा की तुम्ही सायकियाट्रिस्ट आहात की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे का, माझ्या या आजाराचे पेशंट आधी बघितलेत का, साधारण किती सेशन लागतील. आतड्याच्या त्रासाला सात ते बाराच्या आसपास सेशन धरतात. एका बैठकीत मुळापासून बरं करतो म्हणाले किंवा चालू गोळ्या बंद करा म्हणाले तर तिथेच फोन ठेवा. सोबत कोणाला तरी घेऊन आले तर चालेल का हेही विचारा, सासूबाई एकदा माझ्याबरोबर येऊन बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या आणि त्यानंतर त्यांचा प्रश्न बंद झाला. आणि रेकॉर्डिंग दिलं तर ते गाडी चालवताना किंवा गॅसवर दूध ठेवून ऐकू नका, रात्री अंथरुणावर पडून ऐका, मधेच झोप लागली तरी चालतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचं.