वायर चावते

फोन आला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. "भाऊ, उद्या अकराला व्हीसी आहे अन् आपला कॅमेरा नखरे करून राहिला. या तुम्ही सकाळी." पलीकडून तहसील कार्यालयातले बाबू बोलत होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानपट्ट्यातलं तालुक्याचं गाव, मे महिना, व्हीसीचा म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सचा विषय मान्सूनपूर्व तयारी. जिल्ह्याहून साहेब विचारणार, इकडून बोटी किती, धान्य कुठं ठेवलं, पूर आला तर कोणती गावं तुटतात, हे सांगायचं. ही व्हीसी मधात बंद पडली तर बाबूंची धडगत नव्हती.

पहाटेच्या एसटीनं निघालो. कार्यालयांमध्ये टीव्ही, कॅमेरा, माईक बसवून देणं आणि बिघडलं की धावणं, हा माझा धंदा. पिशवीत मीटर, टीव्हीला कॉम्प्युटर जोडायच्या दोन एचडीएमआय केबल, क्रिम्पिंगचा पकडा आणि दुपट्टा. मे महिन्यात आमच्याकडे दुपट्टा हेही अवजारच.

साडेसातला हॉलमध्ये पोचलो तर सगळ्यांचा निकाल आधीच लागलेला होता: नेट स्लो आहे. काहीही बिघडलं की नाव नेटचंच. मोजलं तर फायबरवर ३० एमबीपीएस मिळत होतं. एका व्हीसीला त्यातलं तीन-चार पुरतं. नेट निर्दोष सुटलं.

दुसरी तक्रार आवाज घुमतो ही. गेल्या वेळी जिल्ह्याहून सारखं सांगत होते, "तुमच्याकडून आमचाच आवाज परत येतोय," आणि इथले लोक स्वतःचा स्पीकर तपासून म्हणत होते, "आमच्याकडे तर बरोबर येऊन राहिला!" ज्याला घुमलेलं ऐकू येतं त्याच्याकडे दोष नसतो, दोष समोरच्या खोलीत असतो. आपला स्पीकर जे बोलतो ते आपलाच एखादा उघडा माईक उचलून परत पाठवतो. टेबलावरचा माईक स्वतःच्या स्पीकरचा आवाज ओळखून गाळतो, पण शेजारी कुणाचा मोबाईल त्याच मीटिंगमध्ये असेल तर त्याला तो काय करणार? बाबूंना विचारलं. त्या दिवशी हजेरी दिसावी म्हणून तिघं जण हॉलमध्ये बसूनच आपापल्या मोबाईलवरून जॉइन झाले होते. हा प्रश्न दोन मिनिटांत सुटला.

राहिला कॅमेरा. तो मधातच जायचा, पाचसहा सेकंदांनी परत यायचा, आणि हॉलच्या अॅम्प्लिफायरमधून घूंऽऽ असा आवाज निघायचा. पाहतो तर कॅमेऱ्याला दहा मीटरची साधी यूएसबी वायर जोडलेली. यूएसबी २.० ची मर्यादा पाच मीटर. मला आनंदच झाला. चोर सापडला म्हणून मी बाबूंना चार गोष्टी सुनावल्या, मधात बूस्टर असलेली वायर टाकली, वीस मिनिटं चित्र दगडासारखं स्थिर. चहा मागवला. तेवढ्यात कुणीतरी गर्मी होते म्हणून कूलर लावला आणि कॅमेरा गेला.

चहा तसाच राहिला. मी नवीन वायर उलटसुलट करत होतो, तेव्हा इतका वेळ दाराशी उभे असलेले काकाजी पुढं आले. तिथले शिपाई, निवृत्तीला आलेले. "भाऊ, ते वायर चावते ना."

"कोणती?"

"हे टीवीची. मी रोज सांजच्याले कम्प्युटरातून काढून ठेवतो. सकाळी लावाले गेलो का चावते. कूलर चालू असला तं जास्तच."

"सांगितलं नाही कुणाला?"

"सांगतलं ना बाप्पा. मांगच्या इंजिनियरले सांगतलं. तो म्हणे काकाजी, चप्पल घालत जा."

खरं सांगायचं तर माझ्याही तोंडावर तेच येत होतं. पण घड्याळात सव्वानऊ झाले होते आणि माझ्याकडे दुसरं काही सुचलेलं नव्हतं. एचडीएमआयचं कॉम्प्युटरकडचं टोक काढलं आणि त्याच्या पत्र्याला बोटाची मागची बाजू लावली. झिणझिणलं. मीटर काढला, टीव्हीच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये लावला: ४१ व्होल्ट. कूलरचा पंप बंद करायला लावला: ३ व्होल्ट. परत चालू: ४१. पंखा बंद-चालू केला तर काही फरक नाही.

कूलरचा पंप टाकीच्या पाण्यात बुडालेला असतो. त्याचं इन्सुलेशन जुनं झालं की थोडा करंट गळून कूलरच्या पत्र्याला येतो, पत्र्यावरून अर्थिंगच्या वायरीत. अर्थिंग चांगलं असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो आणि कुणाला कळतही नाही. इथं तो जमिनीत जातच नव्हता. मग हॉलच्या प्रत्येक बोर्डाच्या तिसऱ्या पिनेत तो तुंबून राहायचा, टीव्हीच्या सांगाड्यातसुद्धा. कॉम्प्युटर मात्र शेजारच्या खोलीतल्या लायनीवर होता आणि त्या खोलीचं अर्थिंग वेगळं, नवीन, चांगलं होतं. एचडीएमआय लावली की तुंबलेला करंट वायरीच्या जाळीतून तिकडं पळायचा. घूं आवाज त्याचा. आणि पंप लागता-बंद होताना जो झटका बसायचा, त्यानं यूएसबी कॅमेऱ्याला सोडून द्यायची. माझ्या पाच मीटरच्या शहाणपणाचा ह्यात काही संबंध नव्हता.

कॅमेऱ्याची काळजी तिथंच संपली. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, पेपरात बातमी येतच असते. ओल्या फरशीवर उभं राहून कुणी टाकीत पाणी भरताना पत्र्याला हात लावला असता तर? मी पंपाची पिन उपटून खिशात टाकली.

"अर्थिंगचा खड्डा कुठं आहे?" बाबू म्हणाले, तसं काही इथं नाही. काकाजी म्हणाले, "आहे ना. कडुनिंबाच्या बुडाशी. पेव्हर ब्लॉकच्या खाली गेला." हिवाळ्यात आवारात ब्लॉक बसवले होते. ठेकेदाराच्या माणसांनी खड्ड्याचं झाकणही न विचारता झाकलं.

सब्बलनं चार ब्लॉक काढले. पहिल्या दोनखाली नुसती रेती निघाली, काकाजींचा अंदाज वीतभर चुकला होता. मग बिडाचं झाकण लागलं. खाली जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप, त्याच्या तोंडाशी पाणी टाकायचं नरसाळं, भोवती कोळशाचा चुरा. सगळं इतकं कोरडं की हात घातला तर धूळ उडाली. अर्थिंग म्हणजे पाईप नव्हे, पाईपाभोवतीची ओल. कोळसा आणि मीठ घालतात ते ती ओल धरून ठेवायला आणि करंटला वाट द्यायला. जुन्या वायरमननं काकाजींना सांगून ठेवलं होतं, उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या. ते इमानानं टाकत होते. ब्लॉक बसले, बादली थांबली. मुरमाची जमीन, डोक्यावर ४५ अंशांचं ऊन, ओल किती टिकणार?

नळ त्या दिवशी नव्हता. शेवटी कूलरच्या टाकीतलंच पाणी बादल्यांनी उपसून खड्ड्यात ओतलं. चहाच्या टपरीवरून दोन किलो जाडं मीठ आणलं. काकाजी नरसाळ्यात हळूहळू ओतत होते, पाणी आत जाताना गुडगुड वाजत होतं. "किती दिवसाचा तहानला आहे पाहा," म्हणाले.

सव्वादहाला टाकीत तळाशी उरलेल्या पाण्यात पंप मिनिटभर लावून मोजलं: ७ व्होल्ट. काकाजींनी वायरीला बोट लावलं, नाही चावत अशी मान हलवली. मी पंप कायमचा काढून बाबूंच्या टेबलावर ठेवला आणि कागदावर लिहून दिलं: नवीन पंप, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच), आणि खड्ड्यावरचा ब्लॉक उघडाच ठेवावा. बाबूंनी विचारलं, "हे व्हीसीच्या खर्चात बसते का?" मी म्हटलं, बसवा.

अकराला व्हीसी लागली. कूलरचा नुसता पंखा फिरत होता, तोंडावर भट्टीची हवा मारत. दीड तास तहसीलदारसाहेब रुमालानं मान पुसत बोटींचे आकडे सांगत होते. कॅमेरा एकदाही गेला नाही. जिल्ह्याहून साहेबांनी मधात विचारलं, "तुमच्याकडे कूलर नाही का?"

मृग लागून दोन-तीन दिवस झाले असतील. चंद्रपुरातही चांगला पाऊस झाला होता. सकाळीच फोन वाजला, काकाजी होते.

"भाऊ, पाणी चांगलं आलं इकडं. आता खड्ड्यात बादली टाकाची का बंद करू?"