बेहडा शेजारच्या गटात निघाला तो दिवस

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फारच थोडे आहे. डोंगरउतारांवर जे रान अजून उभे आहे, ते बहुतेक खासगी सातबाऱ्यांवरचे आहे. संगमेश्वर तालुक्यातील अशी राने तोडीपासून वाचवण्यासाठी आम्ही गावकऱ्यांनी एक विश्वस्त संस्था नोंदवली असून तिच्या सचिवपदाचे काम माझ्याकडे आहे. जमीन वाचवायची तर ती विकत घ्यावी, असे शहरातले देणगीदार आम्हाला नेहमी सुचवतात. परंतु 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्या संस्थेला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन खरेदी करता येत नाही आणि भाडेपट्ट्यानेही घेता येत नाही. म्हणून आम्ही मालकाशी संवर्धनाचा करारनामा करतो. त्यात मालकी आणि ताबा कुटुंबाकडेच राहतो, ठरलेल्या मुदतीत तोड न करण्याचे बंधन कुटुंब स्वीकारते आणि संस्था दरवर्षी मोबदला देते. हा दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवलाच पाहिजे असा माझा आग्रह असतो, कारण नोंदणीकृत दस्त असला की पुढे जमीन घेणाऱ्याला ‘मला हे ठाऊक नव्हते’ असे म्हणायला जागा उरत नाही.

सह्या होण्यापूर्वी सरकारी मोजणी करून घ्यायची, हा आमचा दुसरा नियम. मोजणीचे शुल्क, लगतच्या खातेदारांना जाणाऱ्या नोटिसा आणि तारखेची वाट यांत बराच काळ जातो, त्यामुळे काही विश्वस्तांना तो जाचक वाटे. मार्चमधल्या त्या सकाळी तो नियम किती मोलाचा आहे हे सर्वांनीच पाहिले.

ज्या कुटुंबाशी करार ठरला होता, त्यांच्या रानाच्या वरच्या अंगाला एक जुना बेहडा आहे. त्याच्या ढोलीत ककणेर, म्हणजे कवड्या धनेशाची मादी, स्वतःला कोंडून घेऊन अंड्यांवर बसली होती. ढोलीचे तोंड लिंपलेले होते आणि उरलेल्या उभ्या फटीतून तिच्या चोचीचे टोक तेवढे आतबाहेर होत होते. नर एकेक फळ घशातून वर काढून त्या फटीत देत होता. या झाडासाठीच देणगीदारांनी आम्हाला पैसे दिले होते, असे म्हटले तरी चालेल.

भूकरमापक रोव्हरचा, म्हणजे उपग्रहाच्या साहाय्याने जागा मोजणाऱ्या यंत्राचा, दांडा घेऊन गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने वर चढले. पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही घरे तो जांभ्याचा गडगाच हद्द मानत आली होती. नकाशावरची रेषा मात्र त्याच्या बरीच आत निघाली. खूण रोवली गेली, तेव्हा बेहडा शेजारच्या गटात गेला होता. शेजारच्या आजी नोटीस मिळाल्यामुळे स्वतः हजर होत्या. त्यांनी शांतपणे सांगितले, “भाऊ, वरच्या रानाचा मी विसार घेतलाय. नातीची फी भरायची होती. ठेकेदार शिमगा झाला की माणसं आणणार आहे.”

त्या क्षणी कायदा पुढे करणे सोपे होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा पक्ष्याच्या घरट्याला इजा करणे हीदेखील शिकारच ठरते. पण पिल्ले उडून गेली की ढोली रिकामी होते आणि मग कायद्याचा तो आधार उरत नाही. शिवाय ज्या बाईच्या सहीवर पुढची कित्येक वर्षे झाड अवलंबून राहणार, तिला पहिल्याच भेटीत धाक दाखवणे मला पटले नाही. मी आजींना फटीसमोर नेऊन मादी दाखवली, मे संपेपर्यंत तोड थांबवण्याची विनंती केली आणि ठेकेदाराला ते कळवण्यासाठी त्यांच्याच मुलाला फोन करायला सांगितले.

आमच्यासोबत आलेल्या एका विश्वस्तांनी तिथेच विसाराची रक्कम देऊ केली. त्यांची कळकळ खरी होती, तरीही मी त्यांना थांबवले. संस्थेच्या नावाने दिलेला शब्द सभेच्या ठरावाशिवाय जाता कामा नये. एका घराला उभ्या उभ्या पैसे दिले, तर महिनोन्‌महिने कागद पुरे करणाऱ्या दुसऱ्या घराला आपण काय उत्तर देणार? त्याच आठवड्यात सभा बोलावली. देखरेख आणि वकिलाच्या खर्चासाठी वेगळ्या ठेवलेल्या निधीला हात न लावता नव्या देणगीतून आजींच्या गटाचा मोबदला द्यायचा, असा ठराव झाला आणि इतिवृत्तात लिहिला गेला. पहिला हप्ता शाळेच्या फीच्या वेळेला धरून जूनमध्ये द्यावा, ही सूचना एका शिक्षिका विश्वस्तांची होती, आणि माझ्या मते सगळ्या करारातले सर्वांत उपयोगी कलम तेच ठरले. आजींनी विसार परत केला. ठेकेदाराने कुरकुर केली, पण पैसे मोजून घेतले.

पहिल्या कुटुंबाने नव्या हद्दीसह करार केला असून मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत दस्ताला जोडली आहे. आजींच्या सातबाऱ्यावर त्यांच्या दोन दिरांची नावेही असल्यामुळे त्यांचा दस्त अजून अपुरा आहे. एक दीर मुंबईत आणि दुसरे सुरतेत राहतात. दोघांनी फोनवर होकार दिला असला, तरी सहीशिवाय तो धरता येत नाही. गणपतीत दोघेही घरी येणार आहेत, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातली वेळ आम्ही त्याच आठवड्यातली घेऊन ठेवली आहे.