पावसाळ्यातली गुलाबी मासळी

मलेशियाच्या तेरेंगानू किनाऱ्यावर डिसेंबर म्हणजे भर पावसाळा. ईशान्य मोसमी वाऱ्यांनी समुद्र खवळलेला असतो, लहान होड्या धक्क्यालाच बांधलेल्या असतात. इथल्या लहान खाद्य उद्योजकांना मालाच्या गुणवत्तेबाबत मदत करणं हे माझं काम. मारांगजवळच्या एका मकचिकची (वयस्क बाईला इथं सगळे असंच म्हणतात) खारी मासळी दुकानदारानं परत पाठवली होती, म्हणून गेले.

पोत्यात गेलामा होता, आपल्या ढोमीच्या कुळातला मासा, आणि चिरून सपाट केलेले मोठे टालांग मासे. पोटाच्या बाजूला गुलाबी थर, हाताला बुळबुळीत.

"रंग नाही लावला गं, दीक," ती आधी तेच म्हणाली ('दीक' म्हणजे धाकटं भावंड). दुकानदारानं तोच आरोप केला होता, आणि मालापेक्षा तो तिला जास्त लागला होता.

रंग नव्हताच. खाऱ्या जागीच वाढणारे सूक्ष्मजीव उन्हात पिकवलेल्या जाड मिठातून माशावर येतात आणि दमट उष्म्यात गुलाबी होऊन पसरतात. त्यांनी माणूस सहसा आजारी पडत नाही, पण मांस सडतं, वास मारतो. मी हे दुकानदाराला तिच्यासमोरच फोनवर सांगितलं.

मग तिचं काम पाहिलं. कल्ले काढलेले, कण्यालगतचं रक्त घासून धुतलेलं, जाड मांसाला जागोजागी चिरा देऊन आत मीठ भरलेलं. कुणी शिकवावं असं त्यात काही नव्हतं. अडचण हवेत होती. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढू लागतं, त्यामुळे आधी खडखडीत वाळलेला मासाही पोत्यात पुन्हा ओलावतो. इथं पावसाळ्यात हवा दिवसेंदिवस त्याच्या वरच असते.

आणि माल साठवल्यावाचून तिला गत्यंतर नाही. होड्या बंद व्हायच्या आत रोखीनं मासळी घ्यायची, दुकानदाराचे पैसे मात्र माल खपल्यावर. मधले महिने पैसा पोत्यांत अडकलेला. सुपरमार्केटला द्यायचं तर आरोग्य मंत्रालयाचं 'मेस्टी' प्रमाणपत्र हवं. त्यासाठी स्वच्छ, कीटकांपासून राखलेली जागा आणि नोंदवह्या लागतात. वह्या ती लिहील. जाळीबंद खोलीचे पैसे कुठून आणायचे? कर्ज मिळतं, पण हप्ता पावसाळ्यातही भरावा लागतो. मुलगा क्वालालंपूरला नोकरीला आहे. त्यानं परत यावं, असं ती एकदाही म्हणाली नाही.

वास सुटलेला माल आम्ही टाकला. उरलेला दाट मिठवणीत घासून धुतला, शेजारच्या केरोपोकवाल्याच्या (केरोपोक म्हणजे माशाचे पापड) गरम हवेच्या यंत्रात वाळवला आणि हवाबंद पिशव्यांत भरून शीतपेटीत ठेवला. यंत्राचं भाडं देऊन फायदा जवळजवळ उरला नाही.

त्या संध्याकाळी अहवालात मी एकच मागणी लिहिली: धक्क्यापाशी सगळ्यांसाठी एक सामायिक वाळवणघर आणि शीतखोली बांधा, आणि प्रमाणपत्र त्या जागेच्या नावे द्या. प्रत्येक घराला स्वतंत्र खोली बांधायला लावलं, तर या बायका धंदा सोडतील आणि बाजारात थायलंडहून आलेली सुकी मासळीच तेवढी उरेल. अहवाल वर गेला आहे. मी पाठपुरावा करतेय.